तारा पुसू नका

गेल्या शुक्रवारी लॅपटॉप बॅगेत टाकायच्या बेतात होतो, तेवढ्यात एचआरचा मेल आला. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरसाठी फोटो निवडलेत, त्यात माझा जैसलमेरचा एक आहे. थीम 'सस्टेनेबिलिटी' (दुसरं काय असणार!). मूळ फाइल हवी होती, ती पाठवून दिली. दहा मिनिटांत उत्तर: "फोटो छान आहे, पण यात वरती वायर्स दिसतायत. ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेलं क्लीन व्हर्जन पाठवशील का?"

आहे ना क्लीन व्हर्जन. मीच बनवलंय. आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून शनिवार सकाळची झोप मोडून हे लिहायला बसलोय.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. वाळवंटाच्या फोटोतून विजेच्या तारा पुसणं याला एडिटिंग म्हणू नका, ते खोटं बोलणं आहे. आणि हे खोटं कुणालातरी महागात पडतं. हे मी साळसूदपणे सांगत नाहीये, हे पाप मी स्वतः केलंय.

तर झालं असं. मार्चमध्ये, होळी झाल्यावर, आम्ही चौघेजण राजस्थानला गेलो. बांद्रा टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर, तिथून भाड्याची गाडी, मग फलोदी, रामदेवरा, पोखरण करत जैसलमेर. सोबत दोन तंबू, तीन कॅमेरे (माझा ईएमआयवरचा) आणि चौघांत मिळून एक स्वयंपाक येणारा माणूस. वाळवंटात वसंत म्हटलं की लोक हसतात. हसू नका. त्या दिवसांत रोहिड्याला पिवळी-केशरी फुलं येतात, ती लांबून झाडाला दिवे लावल्यासारखी दिसतात. केराच्या काटेरी झुडपांवर बारीक लाल फुलं असतात. खेजडी तर जागोजाग, म्हणजे आपली शमी, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी बाराला गाडीच्या बोनेटला हात लावता येत नाही.

पहिली रात्र आम्ही समच्या टेकाडांजवळच्या 'डेझर्ट कँप'मध्ये काढली. अटॅच्ड बाथरूमवाले तंबू, बुफे, आणि रात्री उशिरापर्यंत डीजे. याला कँपिंग म्हणायचं असेल तर लग्नाच्या हॉललाही म्हणा. दुसऱ्या दिवशी तिथून पळालो ते जैसलमेरच्या आग्नेयेला सांवता गावाकडे, देगराय मातेच्या ओरणाजवळ. ओरण म्हणजे थोडक्यात आपल्याकडची देवराई. देवीची जमीन. झाड तोडायचं नाही, नांगर घालायचा नाही, गुरं-उंट मात्र खुशाल चरू द्यायचे. ओळखीच्या ओळखीतून एक उंटवाले काका भेटले आणि त्यांच्या शेताच्या कडेला आम्ही दोन रात्री तंबू ठोकले.

तो फोटो तिथला. सूर्य नुकता वर आलेला, हवेत धूळ, पुढे एक फुललेला रोहिडा, आणि मागून चाललेली उंटांची रांग. आयुष्यात एकदा मिळतो असला प्रकाश. फक्त वरच्या एक तृतीयांश भागातून हायटेन्शन लाइनच्या तारा गेलेल्या, डावीकडे टॉवर. मी पोटावर झोपून बघितलं, लेन्स बदलून बघितली, शंभर पावलं बाजूला जाऊन बघितलं. तारा काही फ्रेममधून जायला तयार नाहीत.

रात्री तंबूत पडल्या पडल्या फोनवर पुसून टाकल्या. आजकाल त्याला कौशल्यही लागत नाही. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर मॅजिक इरेजर आणलं, तेव्हा पुसण्यालायक गोष्टींच्या यादीत मागे येणाऱ्या अनोळखी लोकांबरोबर विजेच्या तारा होत्याच. म्हणजे कुठल्यातरी टीमने बसून मशीनला शिकवलंय की तार ही 'अडथळा' आहे. मी पण याच धंद्यातला, मला त्या टीमचं कौतुकच वाटलं. चार वेळा बोट फिरवलं, तारा गायब. टॉवरला थोडा वेळ लागला. रेंज मिळाल्यावर फोटो ग्रुपवर. लाइक्सचा पाऊस.

सकाळी चहा पिताना काकांना कौतुकाने दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला, डोळे बारीक केले, दोन बोटांनी मोठा केला. उंट ओळखले, एकेक नाव घेऊन. मग म्हणाले, "ये कहाँ का है?"

"यहीं का, काकोसा. आपके ही तो ऊँट हैं."

"तो तार किधर गए?"

मी सांगितलं, मोबाइलमध्ये पुसता येतात. कसं पुसायचं ते करूनही दाखवलं. काका मनापासून हसले. मुलाला हाक मारून बोलावलं, त्यालाही दाखवलं. आणि मोबाइल परत देताना म्हणाले, "तो जाने से पहले इधर वाले भी मिटाते जाना."

सगळे हसले. मीही हसलो. पण चहा घशात अडकला तो अडकलाच.

दुपारी त्यांच्याबरोबर त्याच लाइनखालून चालत गेलो. वाळलेला एक मोठा पंख पडला होता. गिधाडाचा, म्हणाले. असे मिळतात म्हणे अधूनमधून. मी घरी आल्यावर जे वाचायला हवं होतं (खरं तर जायच्या आधी) ते वाचलं. भारतीय वन्यजीव संस्थेने जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कच्या आत-बाहेरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या टापूत तारांखाली पडलेले पक्षी मोजले आणि त्यावरून अंदाज काढला: वर्षाला सुमारे ८४ हजार पक्षी. एका टापूत, एका वर्षात. आकडा अंदाजाचा आहे, त्यात वरखाली होऊ शकतं हे मान्य. निम्मा धरा हवं तर. मग बरं वाटतं का?

त्यात गोडावण आहे. आपण त्याला माळढोक म्हणतो. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांमधला जड पक्षी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे आजूबाजूचं छान दिसतं आणि नाकासमोरचं कमी. उडताना तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि एवढं धूड ऐनवेळी वळत नाही. मादी सहसा एका वेळी एकच अंडं घालते. एकूण उरलेत दीडशेच्या आसपास, बहुतेक सगळे जैसलमेरकडे. २०२० साली याच देगराय ओरणात एक गोडावण तारांना धडकून मेलेला सापडला. सरकारने २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यात अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र चालवलंय, आणि त्यात यशही येतंय. पण वाढवलेली पिल्लं शेवटी सोडायची कुठे? त्याच आकाशात ना?

पक्ष्याला तार दिसत नाही म्हणून तो मरतो. आम्हाला ती स्वच्छ दिसते, आणि आम्ही ती पुसतो.

"अरे पण तू फोटोतली तार पुसलीस, त्याने पक्षी कसा मेला?" आमच्यातल्याच एकाने परतीच्या ट्रेनमध्ये विचारलं. बरोबर प्रश्न आहे. माझ्या फोटोने कुठलाही पक्षी मेला नाही. पण त्या फोटोने एक जुना समज पुढे ढकलला: वाळवंट म्हणजे रिकामी जागा. वाळू, आकाश, चवीपुरता उंट. मध्ये काही नाही.

हा समज साधासुधा नाही, त्यावर सरकारी कागद चालतात. इंग्रजांनी जी जमीन सारा देत नाही ती 'वेस्ट' म्हणून लिहिली. आपण तोच शब्द सांभाळून ठेवला. २००० साली देशाचा वेस्टलँड अ‍ॅटलास निघाला, त्याच्या आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या, त्यात वाळवंटी वाळू आणि खराब झालेली चराऊ कुरणं 'पडीक'च्या खात्यात. ओरणाची पुष्कळ जमीन महसुली कागदावर ओरण म्हणून चढलेलीच नाही. मग प्रकल्पाला जागा शोधणाऱ्या माणसाला नकाशावर काय दिसतं? रिकामं. तो काही दुष्ट नसतो. तुमच्या-माझ्यासारखाच स्क्रीनसमोर बसलेला कुणीतरी असतो, आणि त्याच्या डोक्यात वाळवंटाचं जे चित्र आहे ते आपणच दिलेलं आहे. लाखो क्लीन व्हर्जन्स.

आणि हे फक्त राजस्थानचं नाही हो. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं. कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. पुढे ते आटून १,२२२ वर आलं. आज तिथे एखाददुसरा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. माळरान म्हणजे उजाड, उजाड म्हणजे फुकट, हे आपल्याही हाडीमांसी मुरलंय. झाडं नाहीत ना, मग लावून टाका. नाहीतर एमआयडीसी काढा. गवत ही पण एक गोष्ट असते, हे कुणाच्या गावीच नाही.

आता थोडं घरचं. मी गोवंडीचा. जन्म तिथला, आजही पत्ता तोच. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं, कारण तेव्हाच्या मुंबईच्या नकाशावर ही बाजू म्हणजे शहराबाहेरची रिकामी जागा. १९७६ साली जनता कॉलनीतल्या लोकांना उठवून चिता कँपला टाकलं, ते पण इथेच जवळ. शहराला जे नको असेल ते ठेवायला रिकामी जागा लागते, आणि ती जागा रिकामी आहे हे ठरवणारे लोक तिथे राहत नसतात.

जानेवारी २०१६ मध्ये देवनारला मोठी आग लागली. धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता. तेव्हा मी बारावीला. आगीनंतर आमच्याकडे कॅमेऱ्यांची रांग लागली. एका सकाळी प्रॅक्टिकलला निघालो होतो, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, पाठीला सॅक. गल्लीच्या तोंडाशी एकजण मोठी लेन्स लावून बसला होता, मागे धूर, पुढे कचऱ्याची पोती. मला म्हणाला, "बेटा, जरा साइड में हो जा, फ्रेम खराब हो रहा है."

मी झालो साइडला. त्या वयात आपण होतोच. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? फोटोत यायचं होतं का तुला?" मला फोटोत यायचं नव्हतं. पण माझ्या गल्लीच्या फोटोत मी नको, असं त्याने ठरवलेलं मला आजही लागतं. त्याला हवी होती ती गोवंडी माझ्या शर्टामुळे बिघडत होती. त्या फ्रेममधली तार मी होतो.

आणि दहा वर्षांनी मी तंबूत पडून तेच केलं. फरक एवढाच की त्याने निदान मला तोंडावर सांगितलं.

अजून एक गंमत ऐका. आमच्याकडे लाइट येते ती अदानी इलेक्ट्रिसिटीची. पूर्वेला त्यांचं क्षेत्र सायन ते मानखुर्द, गोवंडी मधोमध. मुंबईच्या या पुरवठ्यासाठी जैसलमेर जिल्ह्यात ७०० मेगावॅटचा सौर-पवन प्रकल्प उभा राहिला, २०२३ मध्ये पूर्ण झाला. पंचवीस वर्षांचा करार. आता वीज ग्रिडमधून येते, माझ्या पंख्यातला करंट नक्की कुठला हे कुणी सांगू शकत नाही. माझ्या फोटोतली लाइन त्याच प्रकल्पाची आहे असंही मी म्हणत नाही. पण हिशेब तसा आहे. जैसलमेरचं ऊन आणि वारा गोवंडीच्या बिलात आहे. ज्या विजेवर मी तो फोटो एडिट करायचा फोन चार्ज करतो, ती तारांवरूनच आलीय. घरात लाइट पाहिजे आणि फोटोत तार नको! वा रे वा.

इथे लगेच एकजण म्हणणार, म्हणजे तू सोलरच्या विरोधात. अजिबात नाही. कोळसा जळतो तेव्हा त्याची राख आणि धूर कुठल्या वस्त्यांवर पडतो हे गोवंडीच्या माणसाला शिकवू नका. सोलर हवंच. वाटेत बापकडे वळून आम्ही भडलाच्या सोलर पार्कच्या कडेने गेलो, २,२४५ मेगावॅट, सुमारे १४ हजार एकर. इंजिनिअर म्हणून छाती फुगते. प्रश्न हवं की नको हा नाहीच. प्रश्न आहे कुठून न्यायचं, कसं न्यायचं आणि खर्च कुणी करायचा. तारा जमिनीखालून नेता येतात, महाग पडतात. फार उच्च दाबाच्या लाइनला तांत्रिक अडचणी खऱ्या आहेत. काही लाइन मार्ग बदलून ओरणाबाहेरून जाऊ शकतात. तारांवर चकाकणाऱ्या चकत्या लावतात, त्याने काही पक्षी वाचतात, सगळे नाही. हे सगळं इंजिनिअरिंग आहे, जमेल तसं सुटेल.

सुप्रीम कोर्टात पण हेच चाललं. एप्रिल २०२१ मध्ये कोर्टाने सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरच्या टापूत नव्या तारा हवेतून नेण्यावर बंधनं घातली. सरकारने सांगितलं, हे जमणार नाही, सौर ऊर्जेचं काय? मार्च २०२४ मध्ये कोर्टाने तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली. डिसेंबर २०२५ मध्ये समितीच्या शिफारशी मान्य झाल्या आणि राजस्थानात सुमारे १४ हजार चौरस किलोमीटरचा भाग प्राधान्याचा ठरला. कुणाला हे कमी वाटेल, कुणाला जास्त. वाद घाला ना! पण वाद घालायला आधी तार दिसली पाहिजे. जी गोष्ट चित्रातच नाही तिच्यासाठी कुणी जास्तीचा एक पैसा बिलात का भरेल?

"फोटोग्राफी ही कला आहे, पंचनामा नाही." हे आमच्या लीडसाहेबांचं म्हणणं. मान्य. मग खाली 'जैसलमेर, मार्च' असं लिहू नका. 'माझ्या मनातलं वाळवंट' लिहा, मी टाळ्या वाजवीन. रंग वाढवा, सावल्या उजळा, ब्लॅक अँड व्हाइट करा, माझी ना नाही. पण जे होतं ते नाही म्हणणं वेगळं. वन्यजीव फोटोग्राफीच्या मोठ्या स्पर्धांमध्ये फोटोतून वस्तू काढलेली चालत नाही, बाद करतात. आपल्या ऑफिसच्या कॅलेंडरला तो नियम का नको?

आपल्या भाषेत सांगतो. कोडमध्ये एरर येतेय. तुम्ही ट्राय-कॅच लावलंत आणि कॅच ब्लॉक रिकामा ठेवलात. लॉग स्वच्छ. डॅशबोर्ड हिरवागार. डेमो झकास. बग मात्र जिथल्या तिथे, रात्री तीन वाजता कुणाला तरी उठवणार. असा कोड रिव्ह्यूला आला तर आपण लिहिणाऱ्याला सोलून काढतो. मग शनिवार-रविवारी हातात कॅमेरा आला की आपल्याला काय होतं? रिकामा कॅच ब्लॉक म्हणजेच क्लीन व्हर्जन.

तर मंडळी, तिकडे नक्की जा. मार्चमध्येच जा, रोहिडा फुललेला असताना. समला एक रात्र डीजे ऐकून कंटाळा, मग गावात विचारून, परवानगी घेऊन तंबू ठोका. भरपूर फोटो काढा. तारा आल्या तर येऊ द्या, त्यांच्यासकट फ्रेम जमवा, जमते. तारेखाली मेलेला पक्षी दिसला तर फोटो काढून जागेसकट वनखात्याला कळवा, आणि जिवंत माळढोक दिसला तर जागा कुणालाही सांगू नका, पुढच्या वीकेंडला तिथे दहा जिपा उभ्या राहतील. आणि ज्याचे उंट तुमच्या फोटोत आहेत त्याला फोटो दाखवल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. त्याने "ये कहाँ का है?" विचारलं, तर समजा गडबड आहे.

एचआरला आज उत्तर लिहिलं. क्लीन व्हर्जन नाही, हाच फोटो आहे, आणि खाली ओळ हवी: 'देगराय ओरणाजवळ, जैसलमेर. उंट, रोहिडा आणि मुंबईसारख्या शहरांकडे जाणारी वीज.' सस्टेनेबिलिटीला याहून चांगला फोटो त्यांना कुठे मिळणार? बहुतेक घेणार नाहीत. त्या महिन्याला धबधबा येईल. येऊ दे.

ता.क. ग्रुपवरचा तो जुना फोटो काढून टाकलाय, मूळ फोटो टाकलाय. पहिल्याला एकशे बारा लाइक्स होते. याला आत्तापर्यंत नऊ. त्यात एक काकांच्या मुलाचा आहे, त्याला मी स्वतः पाठवला होता. त्याचं उत्तर: "हाँ, अब अपना लग रहा है." :)